दर्या की दऱ्या?

गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या मराठी वाङ्मय मंडळाच्या पत्त्यावर एक छोटासा मेल आला. भाषा मराठी, अक्षरं रोमन. लिहिणाऱ्या बाई सत्तरी तालुक्यातल्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांची धाकटी बहीण आपल्याच कॉलेजात शिकली होती आणि २००३ च्या वार्षिक अंकात तिचा एक लेख छापून आला होता. बहीण दोन वर्षांपूर्वी वारली. घरातला अंक वाळवीने खाल्ला. तो लेख कॉलेजकडे असेल तर पाठवाल का, तिने लिहिलेलं आणि छापलेलं असं तेवढंच होतं, एवढंच बाईंनी विचारलं होतं.

लायब्ररीत २००२ चा अंक होता, २००४ चा होता. २००३ चा नव्हता. (नेमका हवा तोच अंक कपाटात नसतो, हे तुम्हांला सांगायला नको.) शेवटी सरांच्या कपाटात एक सीडी सापडली. आमच्यापैकी कुणाच्याच लॅपटॉपला सीडी घालायची सोय नाही, म्हणून लॅबमधला सगळ्यांत जुना डेस्कटॉप चालू केला. सीडी फिरली, फाईल उघडली आणि पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. चार पानं भरून. मराठी म्हणून एक अक्षर नाही.

गंमत म्हणजे फाईल शाबूत होती. त्यातलं काहीच गहाळ झालं नव्हतं, तरीही ती वाचता येत नव्हती. असं का होतं, आणि आज आपण जे टाइप करतोय त्याचं वीस वर्षांनी असं होऊ नये म्हणून काय करायचं, हे समजून घेताना मला जे कळलं ते इथे मांडतेय. मी कॉम्प्युटरची नाही, साहित्याची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे घाबरू नका, भाषा आपलीच असेल.

मुखवट्यातली मराठी

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. इंग्रजी मोठा ‘ए’ म्हणजे ६५, ‘बी’ म्हणजे ६६, हे जगभर ठरलेलं आहे. फाईलमध्ये साठतो तो आकडा. त्या आकड्याचं चित्र पडद्यावर काढणं हे फॉन्टचं काम.

जुन्या पद्धतीत एका अक्षराला एक बाइट मिळायचा, म्हणजे एकूण २५६ जागा. त्यांतल्या पहिल्या १२८ इंग्रजीने आणि विरामचिन्हांनी आधीच अडवलेल्या. मराठीला वेगळी जागा नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. आकडा इंग्रजीचाच ठेवायचा, फक्त त्याचं चित्र बदलायचं. उदाहरणार्थ, कृतीदेव या फॉन्टमध्ये ‘डी’च्या जागी ‘क’ काढलेला आहे, ‘ई’च्या जागी ‘म’ आणि ‘वाय’च्या जागी ‘ल’. तुम्ही डी, ई, वाय दाबलंत की पडद्यावर छान ‘कमल’ उमटतं. पण फाईलमध्ये साठलेलं असतं डी-ई-वाय. फॉन्ट काढून घेतला की कमल कोमेजतं आणि तीन इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

थोडक्यात, संगणकाच्या लेखी तुम्ही मराठी लिहिलंच नव्हतं. इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा घातला होता. त्यात पुन्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांचे मुखवटे वेगवेगळे, एकीचा ‘क’ दुसरीत ‘ठ’ही असू शकतो. त्यामुळे असा मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्याचा संगणक तो वाचायला लागला, तर ‘कमल’ऐवजी भलतंच काहीतरी बोलतो.

पण त्या काळच्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जोडाक्षरांसकट अख्खी देवनागरी दोनेकशे जागांत बसवणं हे मोठं कसब होतं. शिवाय पर्याय सोपा नव्हता. विंडोज एक्सपीवर खरी देवनागरी चालवायची तर सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि वर विंडोजची मूळ सीडी घालावी लागे. छापखान्यात घरोघरी वापरावं तसं वापरलं जाणारं पेजमेकर तर युनिकोड ओळखतच नव्हतं. अंक वेळेत काढायचा होता, तो त्यांनी काढला.

चारशे वर्षांपूर्वीचीच अडचण

हे वाचताना मला सारखं राशोल आठवत होतं, म्हणजे आपलं रायतूर. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ तिथे १६१६ मध्ये छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, पण छपाई रोमन अक्षरांत. अभ्यासक्रमात हे वाचलं तेव्हा वाटलं होतं, परदेशी पाद्री, त्यांना रोमन सोयीची वाटली असणार. तसं नव्हतं. स्टीफन्सनी १६०८ मध्ये आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापली जावीत अशी इच्छा कळवली होती. अडचण साच्यांची होती. युरोपात चोवीस साच्यांत भागतं, इथल्या अक्षरांना सहाशेच्या आसपास लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तेवढे साचे झाले नाहीत आणि ओव्या रोमनमध्ये छापल्या गेल्या.

आमच्या घरी शामाय प्रार्थनेचं कोंकणी पुस्तक रोमीतच वाचते. त्यात मला काही वावगं वाटत नाही, ती आमची चालत आलेली रीत आहे. रोमी निदान प्रामाणिक आहे, पानावर जे अक्षर दिसतं तेच तिथे असतं. मुखवट्याच्या फॉन्टमध्ये दिसतं एक आणि असतं दुसरं. पण मूळ प्रश्न १६०८ चाच आहे. यंत्राला आपली लिपी झेपत नाही, म्हणून आपण परक्या अक्षरांच्या आधाराने काम चालवतो. बाईंनी आम्हांला मराठी मेल रोमन अक्षरांत लिहिला, तोसुद्धा याचमुळे. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “अगो, कॉम्प्युटरवर मराठी कशी आणतात तेच कुणी शिकवलं नाही.” आयुष्यभर मुलांना बाराखडी शिकवलेल्या बाई!

युनिकोडने काय बदललं

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा विभाग मिळाला. ‘क’ला २३२५ हा आकडा मिळाला आणि तो फक्त ‘क’चाच. फॉन्ट कुठलाही असो, मराठी असो, हिंदी, कोंकणी किंवा नेपाळी असो, २३२५ म्हणजे ‘क’. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही.

मग सहाशे साच्यांचं काय झालं? इथे खरी हुशारी आहे. युनिकोडमध्ये बाराखडी साठवलेली नाही, ती तयार करायची सामग्री साठवली आहे. ‘की’ म्हणजे क आणि दीर्घ वेलांटी, दोन आकडे. ‘क्ष’ म्हणजे क, पाय मोडायची खूण आणि ष, तीन आकडे. जुळवणी त्या त्या वेळी प्रोग्राम आणि फॉन्ट मिळून करतात.

म्हणजे मराठी नीट दिसायला दोन गोष्टी लागतात. आकडे बरोबर साठवलेले हवेत, आणि ते जोडणारा प्रोग्राम शहाणा हवा. आपल्या रोजच्या कटकटींपैकी बऱ्याच या दुसऱ्या गोष्टीतून येतात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी साठते ‘क’च्या नंतर, पण काढायची असते आधी. प्रोग्रामला हे माहीत नसेल तर वेलांटी पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडते. असं झालं की समजावं, मजकूर बहुधा ठीक आहे, जोडणारा चुकतोय.

रोजच्या कटकटी आणि त्यांची उत्तरं

पहिली कटकट टाइप करण्याची. आपल्यातले बहुतेक जण फोनवर मराठी लिहितात, ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मग डेस्कटॉपवर उतरवतात. मीही दीड वर्ष हेच केलं. त्याची गरज नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली मराठी भाषा जोडा. मग विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कीबोर्ड मराठी, पुन्हा दाबला की इंग्रजी. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये फोनेटिक कीबोर्डही आहे. त्यात इंग्रजी स्पेलिंगसारखं लिहायचं आणि येणाऱ्या यादीतून शब्द निवडायचा.

यावरून आमच्या संपादन समितीत दोन तट आहेत. फोनेटिकवाले म्हणतात, शिकावं लागत नाही. खरं आहे. पण माझं मत इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, फक्त ख ला शिफ्ट. डी दाबला की अक्षराचा पाय मोडतो. तीन आठवडे चिडचिड झाली, नंतर बोटं आपोआप जायला लागली. मुख्य म्हणजे मी मनात ‘के, ए, एम, ए, एल’ असं स्पेलिंग करत नाही, ‘क म ल’ असाच विचार करते. शिवाय कन्नड, गुजराती, तेलुगू यांचाही इनस्क्रिप्ट असाच आहे, ‘क’ त्याच कळीवर. बेळगावच्या मैत्रिणीला कन्नड लिहून दाखवलं तेव्हा तिला वाटलं, मी चोरून कन्नड शिकलेय!

दुसरी कटकट फॉन्टची. घरी मंगल फॉन्टमध्ये केलेला प्रोजेक्ट लॅबमध्ये वेगळाच दिसतो आणि पानं पुढेमागे होतात. कारण विंडोज १० पासून मंगल सगळ्या मशीनवर आधीपासून नसतो. ऑप्शनल फीचर्समध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ म्हणून तो वेगळा बसवावा लागतो. न बसवता चालणारा फॉन्ट म्हणजे निर्मला. दोन्ही युनिकोड आहेत, त्यामुळे मजकुराला धोका नाही, फक्त मांडणी हलते.

तिसरी कटकट वर्डमधली. स्टाईल बदलली की इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी ढिम्म हलत नाही. याचं कारण, वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा साठवतो. कंट्रोल-डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा, तिथे त्या नावाचा वेगळा भाग दिसेल. लिबरऑफिसमध्येही असंच आहे, तिथे नाव ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’. इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं तुटून आली तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. आमची एक अख्खी रात्र या एका टिकमार्कने खाल्ली होती.

चौथी कटकट सगळ्यांत फसवी, कारण ती दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र द्यायचे, काही कीबोर्ड अजून तसंच करतात. पहिल्या दोन प्रकारांनी लिहिलेलं ‘ॲप’ डोळ्यांना सारखं दिसतं, पण आकडे वेगळे. कुणी हिंदीसारखा ‘ऍ’ लिहितं, तो तिसरा. मागच्या अंकात मी ‘ॲ’चा शोध घेऊन चुका सुधारल्या आणि निर्धास्त झाले. अर्ध्या चुका तशाच राहिल्या, कारण त्या दुसऱ्या ‘अॅ’मध्ये होत्या.

आणि मग आपला खास मराठी ‘ऱ्य’. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना जेवण सांगायचं. हिंदीला हा फरक लागत नाही, मराठीचं त्यावाचून अडतं. इनस्क्रिप्टमध्ये हे सोपं आहे. साधा ‘र’ जे या कळीवर आहे. शिफ्ट धरून जे दाबलं की ‘ऱ’ येतो, त्याचा पाय मोडून ‘य’ लावला की झालं ‘ऱ्य’. पण हेच रूप साधा ‘र’, पाय मोडायची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही येतं. दिसायला एकच, शोधायला दोन. म्हणून ‘दऱ्या’ शोधल्यावर एकही सापडली नाही, तर लगेच नाही म्हणू नका, दुसऱ्या पद्धतीनेही शोधा.

लेखाचं पुढे काय झालं

आता त्या चार पानांकडे परत येऊ. फाईलमध्ये जुन्या फॉन्टचं नाव दिसत होतं, त्यामुळे कुठला मुखवटा हे तरी कळलं. इंटरनेटवर असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. ते आकड्याला आकडा बदलतात, पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या फॉन्टांत टंकलेखन यंत्रासारखं जसं दिसतं तसं टाइप करतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी मागे न्यावी लागते आणि प्रत्येक रफार पुढे आणावा लागतो. जोडाक्षर मोठं असलं की तो गोंधळतो.

पाचेक मिनिटांत मराठी दिसायला लागली, आणि आम्ही तिघं त्या जुन्या डेस्कटॉपसमोर चक्क ओरडलो. मग दोन संध्याकाळ बसून ओळ न ओळ तपासली. एक मोठ्याने वाचायची, दुसरी दुरुस्त करायची.

अडलं ते शीर्षकापाशी. कन्व्हर्टर बहुधा हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला असावा. त्याने मराठी ‘ऱ्य’ सगळीकडे साध्या रफाराचा करून टाकला होता. लेखाच्या आत क्रियापदाने वाट दाखवली. ‘भरून येतात’ असेल तिथे दऱ्या, ‘भरून येतो’ असेल तिथे दर्या. लेखात दोन्ही होतं. चोर्ल्याच्या घाटाजवळचं बालपण होतं, आणि हॉस्टेलवर राहायला आल्यावर पहिल्यांदा जवळून पाहिलेला समुद्रही. पण शीर्षक होतं नुसतं ‘दर्या आणि मी’. तिथे क्रियापद नाही. तिने काय लिहिलं होतं?

आम्ही बराच वेळ वाद घातला. मला वाटत होतं, दर्याच. शेवटच्या परिच्छेदात ती समुद्राकाठी बसलेली आहे. शिवाय मी किनाऱ्यावरची, मला समुद्रच दिसणार. शेवटी बाईंना फोन केला. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “दऱ्या गो. तिला इथून जायचंच नव्हतं.”

मग शेवटचा परिच्छेद मी पुन्हा वाचला. ती समुद्राकाठी बसली आहे हे खरं, पण बघते आहे ती उलट्या दिशेला, डोंगरांकडे. रफाराच्या एका चुकीने मी तिला तिच्या मनातल्या जागेवरून उठवून दुसरीकडे बसवलं असतं, आणि ते कुणाला कळलंही नसतं.

बाईंना लेख छापून, कागदावर पाठवला. फाईलही पाठवली, ‘दऱ्या’ नीट असलेली. गणपतीनंतर त्या कॉलेजात आल्या तेव्हा मी त्यांना अर्धा तास इनस्क्रिप्ट दाखवला. आता त्यांचे मेल देवनागरीत येतात. सावकाश लिहितात, पण ऱ्हस्वदीर्घ माझ्यापेक्षा चोख.

तर मित्रमैत्रिणींनो, येत्या अंकासाठी साहित्य पाठवताना एवढं करा. युनिकोडमध्येच टाइप करा, कीबोर्ड तुमच्या आवडीचा. पानाचा फोटो नको, नुसती पीडीएफ नको, कारण त्यातून मराठी उचलून घेताना पुन्हा वेलांट्या तुटतात. साधी वर्डची किंवा लिबरऑफिसची फाईल पाठवा. घरात कुणाची जुनी सीडी, जुना पेन ड्राइव्ह असेल तर तो आत्ताच उघडून बघा, सीडी चालवणारं यंत्र आसपास आहे तोवर. आणि वाचता आलं नाही तर लॅबमध्ये घेऊन या. बुधवारी तीननंतर आम्ही तिथेच असतो.